जीन ग्रे परत येते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी 'फीनिक्स रिझरेक्शन : द रिटर्न ऑफ जीन ग्रे' या मार्व्हलच्या पाच भागांच्या चित्रकथामालिकेवर लिहिले होते. एक्स-मेन परिवारातली लाडकी नायिका जीन ग्रे हिला मृत्यूनंतर पुन्हा कथेत आणणारी ही मालिका डिसेंबर २०१७ च्या अखेरीस सुरू झाली आणि जानेवारी २०१८ च्या अखेरीस संपली. त्या लेखावर दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. त्यांतली काही येथे उत्तरांसह देत आहे. बहुतेक प्रश्न मालिकेच्या शेवटाविषयीच असल्यामुळे उत्तरांत तो शेवट उघड झाला आहे, हे मालिका न वाचलेल्यांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न : मी एक्स-मेनचे फक्त चित्रपट पाहिले आहेत. पन्नास वर्षांचे जुने अंक न वाचता ही मालिका मला समजेल का? (महाविद्यालयीन वाचक, मालवण)

उत्तर : समजेल, मात्र जीन आधी किती वेळा आणि कशी गेली, एवढे तरी ठाऊक असायला हवे, कारण मालिकेचा सारा भार त्यावरच आहे. सप्टेंबर १९६३ च्या 'एक्स-मेन'च्या पहिल्याच अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी तिला आणले. प्राध्यापक झेवियरच्या पहिल्या पाच विद्यार्थ्यांत ती एकटी मुलगी होती आणि तिचे नाव होते 'मार्व्हल गर्ल'. १९७६ मध्ये क्रिस क्लेअरमाँट आणि डेव्ह कॉकरम यांच्या कथेत, किरणोत्सर्गातून जाणारे अंतराळयान मित्रांसाठी स्वतः चालवत ती पृथ्वीवर परतते, यान न्यूयॉर्कजवळच्या जमैका उपसागरात कोसळते आणि पाण्यातून ती 'फीनिक्स' या अफाट वैश्विक शक्तीचे रूप होऊन वर येते. १९८० मध्ये क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांनी ती शक्ती तिच्यावर स्वार झालेली दाखवली. भुकेच्या भरात ती एक तारा गिळते आणि त्याच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावरचे अब्जावधी जीव मरतात. सप्टेंबर १९८० च्या १३७ व्या अंकात, चंद्रावर, मन ताब्यात असलेल्या एका क्षणी, तिचा प्रियकर आणि एक्स-मेनमधला सोबती स्कॉट याच्या डोळ्यांदेखत ती स्वतःचा अंत करते.

हा पहिला मृत्यू. १९८६ मध्ये त्याच उपसागराच्या तळाशी एका कोषात जीन जिवंत सापडली, आणि चंद्रावर जी मेली ती जीन नसून जीनचे रूप घेतलेली फीनिक्स होती, असा खुलासा झाला. पुढे 'न्यू एक्स-मेन'च्या १५० व्या अंकात ग्रँट मॉरिसन यांनी तिला पुन्हा मृत्यू दिला. तुमच्यासमोरची मालिका त्यानंतर जवळजवळ चौदा वर्षांनी आली. २००६ आणि २०१९ च्या चित्रपटांनी १९८० ची कथाच घेतली. कोषातून परत येणारी जीन त्यांत नाही. चित्रपटांवर थांबलेल्या वाचकाला नेमका हाच धागा तुटलेला वाटतो.

प्रश्न : आमच्या पुराणांतही मेलेली माणसे जिवंत होतात आणि आम्ही हात जोडतो. हे मात्र विक्रीसाठी केलेले असते. मग त्यात तुम्हाला मोलाचे काय वाटले? (निवृत्त शिक्षक, गुहागर)

उत्तर : गुरुजी, आपला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला, म्हणून त्याचे उत्तर थोडे लांबवते. चिपळूणजवळ परशुरामाचे देऊळ आहे आणि त्याच आवारात रेणुकामातेचेही देऊळ आहे. ज्या मुलाने पित्याच्या आज्ञेवरून आईचा शिरच्छेद केला, तो आणि ती आई तिथे शेजारी शेजारी पुजली जातात. महाभारतातली कथा आपण मुलांना शिकवलीच असेल. जमदग्नी प्रसन्न होऊन वर माग म्हणतात, तेव्हा परशुराम फक्त आईचे प्राण मागून थांबत नाही. आपण मारली गेलो होतो याची तिला आठवण राहू नये आणि त्या कृत्याचे पाप आपल्याला लागू नये, हेही तो मागतो. माणूस परत आणायचे तर जे घडले त्याचा हिशेब कोणाच्या नावावर राहणार, हे कथा रचणाऱ्याला तेव्हाही ठरवावे लागले होते.

जीनच्या बाबतीत हा हिशेब एका संपादकाने मागितला. १९८० च्या कथेचा मूळ शेवट वेगळा होता. त्यात परग्रहवासी शिआर तिची शक्ती काढून घेतात आणि ती सामान्य स्त्री म्हणून जगते. मुख्य संपादक जिम शूटर यांनी त्याला हरकत घेतली. अब्जावधींचा जीव घेणारी नायिका शिक्षा न भोगता घरी जाणे त्यांना मान्य नव्हते, आणि म्हणून शेवटची पाने बदलून तिचा मृत्यू आला. मूळ शेवट १९८४ मध्ये 'फीनिक्स : द अनटोल्ड स्टोरी' या नावाने वेगळा छापला गेला. पुढे पहिल्या पाच विद्यार्थ्यांना एकत्र आणणारे 'एक्स-फॅक्टर' हे नवे मासिक निघायचे ठरले, तेव्हा शूटर यांची अट होती की जीन परत येऊ शकते, पण त्या संहाराच्या दोषातून ती पूर्ण मुक्त असली पाहिजे. कोषाची युक्ती कर्ट ब्युसिक या तरुण वाचकाला सुचली होती. तोवर तो स्वतःही लेखनाकडे वळला होता. त्याच्याकडून ती लेखक रॉजर स्टर्न यांच्याकडे आणि त्यांच्याकडून बर्न यांच्याकडे पोहोचली. सारे पाप फीनिक्सच्या खात्यावर गेले आणि जीन आठवणीशिवाय, निर्दोष अशी जागी झाली. रेणुकेला मिळालेला वर आणि संपादकाची अट यांत मला फार अंतर दिसत नाही.

अंतर दिसते ते त्यापुढे. जीन गेली असे समजून स्कॉटने मॅडलिन प्रायरशी लग्न केले होते, त्यांना मुलगा झाला होता. जीन परतल्याची बातमी येताच तो बायको आणि तान्हे मूल सोडून निघून जातो. पुढे मॅडलिन ही जीनची प्रतिकृती असल्याचे सांगितले गेले, तिला खलनायिका केले गेले आणि १९८९ मध्ये ती मेली. तिच्या मृत्यूबरोबर तिच्या आणि फीनिक्सच्या आठवणी जीनच्या मनात उतरल्या. म्हणजे जो हिशेब पुसला होता, तो शेवटी जीनकडेच परत आला. एका बाईला परत आणण्यासाठी दुसऱ्या बाईचे आयुष्य मोडून टाकले, ही गोष्ट मला वाचक म्हणून आजही सलते. त्यामुळे नव्या मालिकेकडे मी एकच प्रश्न घेऊन गेले होते : या वेळी किंमत कोण मोजणार? लेखक मॅथ्यू रोझेनबर्ग यांनी जीनच्या परत येण्यासाठी दुसऱ्या कोणाचे घर मोडले नाही. मालिका विकण्यासाठी निघाली, हे खरेच आहे आणि ते मी नाकारत नाही. पण विकण्यासाठी निघालेल्या गोष्टीत एखादा लेखक जुनी चूक जाणून घेऊन पाऊल टाकतो, तेव्हा त्याची नोंद घेणे मला माझे काम वाटते.

प्रश्न : दशावतारात हरिश्चंद्राचा खेळ लावला की रोहिदासाला साप चावतो आणि तारामती रडते, तेव्हा समोरच्या बायकाही रडतात, जरी पोर शेवटी उठणार हे सगळ्यांना माहीत असते. चित्रकथेचे वाचक मात्र 'मेली तरी येईलच परत' असे म्हणून हसतात, असे माझा मुलगा सांगतो. असे का? (दशावतारी कलावंत, कुडाळ)

उत्तर : आपण रंगमंचावर उभे राहून जे पाहिले आहे, त्यापेक्षा मी जास्त काही सांगू शकेन असे वाटत नाही, तरीही मला जे दिसते ते लिहिते. जत्रेतला खेळ रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटे दहीकाल्याने संपतो. प्रेक्षक शेवट जाणतो, त्याबरोबरच शेवट आहे हेही जाणतो. तारामतीचा विलाप त्या एका रात्रीत एकदाच येतो, तो सत्त्वपरीक्षेचा कळस असतो आणि रोहिदास उठतो तो परीक्षा पुरी झाली म्हणून. मासिक चित्रकथेला दहीकाला नाही. रोहिदास उठला की पुढच्या महिन्यात कथा पुन्हा सुरू, आणि तिला पुन्हा एखादे संकट हवे असते. १९९२ मध्ये सुपरमॅन मेला आणि १९९३ मध्ये परत आला. त्या एका वर्षाने वाचकांना जो धडा दिला तो ते विसरलेले नाहीत. जे कधीच परत येणार नाहीत असे वाचक ठामपणे मानत होते, त्या कॅप्टन अमेरिकेचा साथी बकी आणि बॅटमॅनचा साथी जेसन टॉड यांनाही २००५ मध्ये परत आणले गेले. तुमच्या मुलाचे हसणे या सवयीतून आलेले आहे. पहिल्या वेळी, १९८० मध्ये, हसणारे कोणी नव्हते. जीन तेव्हा सतरा वर्षे वाचकांबरोबर होती आणि ती परत येईल असे मानायला काहीच आधार नव्हता.

मला त्या हसण्याचे वाईट वाटते. म्हणूनच या मालिकेत मृत्यूला पुन्हा थोडे वजन देण्याचा जो प्रयत्न झाला, तो मला मनापासून आवडला.

प्रश्न : लहानपणी आम्ही इंद्रजालमध्ये वेताळ वाचायचो. तिथे वेताळ मरतो आणि मुलगा मुखवटा चढवतो. कोणाला उठवावे लागत नाही. तीच रीत बरी नव्हे काय? (वाचक, आरवली)

उत्तर : आरवलीच्या वाचकाने वेताळाची आठवण काढावी, याचा मला आनंद झाला. तुमच्या गावच्या वेतोबाला केळी आणि चामड्याच्या चपला वाहतात, आणि रात्री गावाची राखण करताना त्या झिजतात, असे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. इंद्रजालचा वेताळही असाच न मरणारा रक्षक आहे, अशी जंगलातल्या लोकांची समजूत असते. वाचकाला मात्र ठाऊक असते की तो एकविसावा आहे आणि आधीचे वीस गुहेत विसावले आहेत. ली फॉक यांनी १९३६ मध्ये ही कल्पना आणली आणि १९६४ पासून १९९० पर्यंत इंद्रजालमुळे ती आपल्या घराघरांत पोहोचली. माझे काका मुंबईहून गणपतीला येताना ते अंक आणत आणि विसर्जनापर्यंत ते साऱ्या वाडीत फिरत.

ती रीत सुंदर आहे, यात शंका नाही. पण तिथे वाचकाचे प्रेम मुखवट्यावर असते. आतला माणूस बदलला तरी चालतो. जीनला मुखवटा नाही. फीनिक्सची शक्ती इतरांनाही मिळाली, पण त्यामुळे कोणाही वाचकाची जीनची आठवण भागली नाही. स्कॉटची जीन, लोगनने, म्हणजे वुल्व्हरिनने, दुरून जिच्यावर प्रेम केले ती जीन, दुसऱ्या कोणात उतरत नाही. म्हणून मार्व्हलपुढे दोनच वाटा होत्या : तिला मृतच राहू देणे, किंवा तीच परत आणणे. 'स्पायडर-मॅन'च्या कथेत १९७३ मध्ये नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी मेली आणि त्या मूळ कथेत पहिली वाट बहुतांशी पाळली गेली. आजही ग्वेनच्या मृत्यूचे नाव काढले की जुने वाचक गंभीर होतात. जीनच्या बाबतीत तशी गंभीरता १९८६ मध्येच गमावली गेली, आणि एकदा गमावल्यावर उरतो तो प्रश्न इतकाच, की निदान नीट परत आणले का.

प्रश्न : परत आलेली जीन तीच जीन आहे, असे कसे मानायचे? आणि मराठीत याला पुनर्जन्म म्हणावे का? (वाचक, राजापूर)

उत्तर : पुनर्जन्म म्हणू नये. पुनर्जन्मात देह नवा, नाव नवे आणि आठवण नसते. जीनच्या देहात प्राण परत येतात, ते पुनरुज्जीवन. आणि मालिकेच्या नावातला 'रिटर्न' म्हणजे पुनरागमन. उत्तरपूजेच्या वेळी 'पुनरागमनाय च' म्हणत आपण अक्षता वाहतो आणि मूर्ती उचलतो, तेव्हा पुढच्या वर्षीची माती वेगळी असणार हे आपल्याला माहीत असते, तरी येणारा गणपती आपल्याला तोच असतो. त्याचे तोच असणे मातीत नसते, घराने त्याला ओळखण्यात असते. मालिकेत जीन स्वतःला ओळखत नाही. आधी तिला इतरांनी ओळखावे लागते. दुसऱ्या एका भविष्यकाळातून आलेला म्हातारा लोगन तिच्यापर्यंत पोहोचतो. या माणसाने आपल्या काळात सारे काही गमावलेले आहे. त्याच्यासमोर बसून हळूहळू तिला आपण कोण हे आठवू लागते. तीच जीन कशावरून, या प्रश्नाला मालिकेने दिलेले उत्तर मला तिथे सापडले, आणि ते मला पटले.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. मला राग याचा येतो की जीनला मारणारे, उठवणारे, तिच्यात शक्ती घालणारे सगळे दुसरेच असतात. तिला कोणी विचारतच नाही. या मालिकेत तरी विचारले आहे का? (वाचक, दापोली)

उत्तर : तुझा राग अगदी योग्य आहे, आणि साऱ्या मालिकेचा गाभा तू एका वाक्यात पकडला आहेस. जीनची गोष्ट सुरू होते तीच तिला न विचारता. १९८१ मध्ये छापलेल्या एका कथेत सांगितले आहे की दहा वर्षांची असताना तिच्या मैत्रिणीला, ॲनीला, मोटारीची धडक बसते, आणि तिला कवेत घेतलेल्या जीनमध्ये दुसऱ्याचे मन वाचण्याची शक्ती त्याच क्षणी जागी होते. त्यामुळे मैत्रीण मरते तेव्हा तो मृत्यू जीनला आतून जाणवतो. शक्ती तिने मागितलेली नव्हती. फीनिक्स आली ती मरणाच्या दारात. चंद्रावरचा शेवट तिने निवडला असे कथा सांगते, पण तो पर्याय एका संपादकाच्या निर्णयातून आला हे तू वर वाचलेच असशील. कोषातून तिला इतरांनी काढले.

आता या मालिकेची मांडणी पाहा. जीन एका लहान, शांत गावातल्या खाणावळीत वाढप्याचे काम करते. ती गिऱ्हाइकांना कॉफी देते, घरी जाते, पुन्हा कामावर येते. हळूहळू वाचकाच्या लक्षात येते की तिच्या आसपासची माणसे तिच्या आयुष्यातून केव्हाच गेलेली आहेत. ते गाव खरे नाही. फीनिक्सने जीनला आपले घर म्हणून पुन्हा तयार करण्यासाठी ते उभे केले आहे. पक्षीण अंडे उबवते तसे ते शांतपणे चालले आहे. तिथे मारहाण नाही, साखळदंड नाहीत, सगळे गोड आहे, आणि तरीही तिथून बाहेर पडायला दार नाही. लहान गावात राहणाऱ्या मुलीला हे चित्र किती जवळचे वाटेल, हे मला वेगळे सांगायला नको.

शेवटच्या अंकात जीनला सारे आठवते आणि फीनिक्स तिच्यासमोर उभी राहते. तेव्हा जीन तिला नाही म्हणते. तुझ्यामुळे माझे आणि माझ्या माणसांचे काय झाले हे ती तिला सांगते आणि मला सोडून जा असे बजावते. ती कोणाशी लढून जिंकत नाही. तिचे म्हणणे ऐकले जाते, आणि फीनिक्स जाते. त्यानंतर जीन जिवंत राहते ती फीनिक्सशिवाय, स्वतःच्या बळावर. मला हा प्रसंग वाचताना गहिवरून आले, आणि तुझ्या पत्रानंतर तो मी पुन्हा वाचला.

मालिकेत दोष आहेत, तेही तुझ्यापासून लपवत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकांत एक्स-मेनची पथके वेगवेगळ्या ठिकाणी जातात, जुने शत्रू दिसतात, झटापटी होतात, आणि जीन बराच वेळ बाजूला राहते. ज्या मुलीची गोष्ट आहे तिच्यापेक्षा तिला शोधणारे जास्त जागा घेतात. चित्रकारही बदलत राहतात. पहिला आणि पाचवा अंक लेनिल फ्रान्सिस यू यांचा, मधले तीन अनुक्रमे कार्लोस पाचेको, जो बेनेट आणि रॅमन रोसानास यांचे. पाचेको नोव्हेंबर २०२२ मध्ये ए.एल.एस. या मज्जासंस्थेच्या आजाराने गेले. त्यांच्या रेषेतली स्वच्छता मला नेहमीच आवडत आली आहे, पण तरी पाच अंकांना एकच हात असता तर त्या गावाचे स्वप्न अधिक अखंड वाटले असते.

प्रश्न : 'एंडसाँग' आणि ही मालिका एकच का? आणि त्याच काळात दुसरी एक तरुण जीन कुठून आली? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : एकच नाहीत. 'फीनिक्स : एंडसाँग' ही ग्रेग पाक यांनी लिहिलेली आणि ग्रेग लँड यांनी चितारलेली पाच अंकांची मालिका २००५ ची. तिच्यात जखमी फीनिक्स वेळ आली नसताना जीनचा देह उठवते आणि शेवटी जीन पुन्हा या जगाबाहेर जाते. दोन्ही एकापाठोपाठ वाचल्यास फरक चांगला कळतो. तरुण जीन ही भूतकाळातून वर्तमानात आणलेली पहिल्या पाचांतली जीन; ब्रायन मायकेल बेंडिस यांनी २०१२ मध्ये त्या पाचांना आणले आणि २०१८ मध्ये ते आपल्या काळात परत गेले. मोठी जीन पुढे 'एक्स-मेन रेड'मध्ये दिसते. ते मासिक टॉम टेलर आणि महमूद असरार यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू केले. तुम्हाला ही मालिका आवडली असेल तर ते अवश्य वाचा.

प्रश्न : पावसाळ्यात माझे अंक फुगतात, पाने चिकटतात. काय करावे? (वाचक, देवगड)

उत्तर : या अंकांचा कागद गुळगुळीत लेप दिलेला असतो, आणि भिजलेला लेप वाळताना पाने एकमेकांना धरतात. अंक भिजलाच तर तो ओला असतानाच पाने हलक्या हाताने वेगळी करा आणि पंख्याच्या वाऱ्यात, उन्हाबाहेर वाळवा. वाळल्यावर ओढून सोडवायला गेलात तर चित्र निघून येईल. एरवी प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. डबा समुद्राकडच्या भिंतीला टेकवू नका. मृगाच्या आधी पुड्या बदला.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे. गणपतीच्या आधी तिची आजी गेली. मोठ्या भावाचे हे अंक तिने वाचले आणि मला विचारले, जीन आली तर आजी का येणार नाही? अंक काढून घ्यावेत का? (एक आई, वेंगुर्ले)

उत्तर : ताई, काढून घेऊ नका. प्रश्न तिच्या मनात आधीपासून होताच. अंकांनी फक्त तो विचारायला शब्द दिले. आजी येणार नाही, हे तिला सरळ सांगा. तिने ते बहुधा ओळखले आहे आणि तुमच्याकडून तिला खरे ऐकायचे आहे.

मग पाचव्या अंकाचा शेवट तिच्याबरोबर बसून वाचा. जीनला आपल्याकडे वळवण्यासाठी फीनिक्स शेवटी स्कॉटला जिवंत करते. स्कॉट तेव्हा मेलेला असतो. जीन नसताना तो गेला, त्यामुळे तिला त्याचा निरोपही घेता आलेला नसतो. आता तो समोर उभा आहे, आणि तो ठेवायचा असेल तर फीनिक्सला ठेवावे लागेल. जीन त्याला मिठी मारते, त्याच्याशी बोलते, आणि त्याला जाऊ देते. माणसे परत आणता येतात अशा जगातही ती हे करते. मुलीला ही पाने कदाचित नीट कळली नसतील, कारण लहान वाचकाचे डोळे जीन जिवंत झाली तिथेच थांबतात.

आजीच्या दहाव्याला तुम्ही सगळे पाण्याकाठी उभे राहिला असाल. कावळा शिवेना म्हणून कोणीतरी वडीलधाऱ्याने हात जोडून सांगितले असेल, की काळजी करू नकोस, पोरांना आम्ही सांभाळू. मुले ते दुरून पाहतात आणि त्यांना कोणी समजावून सांगत नाही. त्या पानावर थांबून तिला सांगा, की त्या दिवशी आपण आजीला हेच सांगत होतो.